गोलकीपर व्हायचं तर आधी पडायला शिका, मग बसायला

मला गोलात उभं केलं ते माझ्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावर दोन चपला इकडे, दोन तिकडे ठेवून आमचा खेळ चालायचा, आणि ज्याला कुठलाच संघ मागत नसे तो गोलात. मी तेव्हा सातवीत, काठीसारखा उंच आणि धावायला महाआळशी. त्या चपलांमधून निघून पुढे गोव्यात आणि मुंबईत मिळून मी 11 मोसम पगारी गोलकीपर म्हणून काढले. त्यात प्रत्यक्ष मैदानावर उतरलो ते सामने 40 सुद्धा भरायचे नाहीत. बाकीचे बाकावरून बघितले. वर 'बसायला' लिहिलंय ते त्यासाठी.

आता संध्याकाळी किनाऱ्यावर पोरांना शिकवतो. आईबाप पोराला हाताला धरून घेऊन येतात आणि विचारतात, "ह्येका गोलकीपर होवचा आसा, काय करूक व्हया?" तेच तेच सांगून घसा बसतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पडणं

आपल्याकडची शाळेची मैदानं म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर लाल मातीचा पातळ थर आणि मातीतून वर आलेली खडी. तिथे पोराने पहिली डाइव्ह मारली की कुल्ल्याची साल निघते. रात्री आई खोबरेल लावता लावता फुटबॉलच्या सात पिढ्या उद्धरते. दुसऱ्या दिवसापासून ते पोर बॉल आला की पडत नाही, नुसता पाय घालतं. ती सवय मोडायला मग दोन-दोन वर्षं जातात. तेव्हा पहिले सहा महिने कातळावर पडूच नका. देवाने एवढा समुद्र दिलाय.

किनाऱ्यावर कधी जायचं ते घड्याळ बघून ठरत नाही, तिथी बघून ठरतं. रापणवाल्यांचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचा, जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला पाणी सुरूच्या झाडांकडे आलेलं. त्या दिवशी किनाऱ्यावरचा सराव विसरा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास मोजा, साडेपाचच्या सुमाराला पाणी पार मागे. त्या दोन-तीन संध्याकाळी किनारा एवढा रुंद होतो की दोन मैदानं शेजारी शेजारी आखावीत. आमचं महिन्याचं वेळापत्रक कालनिर्णय बघून होतं, हे गोव्यातल्या एका कोचला सांगितलं तर तो हसला होता. त्याच्याकडे हिरवळ होती, त्याला काय!

वाळूतही तीन पट्टे असतात. वरची कोरडी भुसभुशीत वाळू पहिल्या आठवड्यासाठी. पाण्यालगतची चिंब वाळू सिमेंटसारखी लागते, तिच्यावर खांदा आपटू नका. मधला ओलसर पट्टा, जिथे टाच अर्धा इंच रुतते, तो आपला. उतरण्याआधी पाचदहा मिनिटं चालून शिंपल्या, काचा, जाळ्याचे तुकडे वेचा. हे मी पोरांकडूनच करून घेतो, कंटाळली तरी.

आता पडायचं कसं. गुडघ्यांवर बसा. कुणालातरी बॉल बाजूला जमिनीलगत घरंगळत सोडायला सांगा. हात आधी जातात, शरीर त्यांच्या मागून. खालचा हात बॉलच्या मागे, वरचा हात बॉलवर, आणि तिसरी बाजू जमिनीची. बॉल या तिघांत अडकला पाहिजे. जमिनीला टेकण्याचा क्रम बाजूने: मांडी, कुल्ला, बरगडी, खांदा. पोटावर पडायचं नाही, पाठीवर पडायचं नाही, आणि कोपर कधीही अंगाखाली घ्यायचं नाही. गुडघ्यांवरून जमलं की उकिडवं बसून, मग उभ्याने, आणि शेवटी एक पाऊल टाकून. ते पाऊल तिरकं पुढे, बॉलच्या वाटेवर पडायला हवं. नवशिके सगळे मागे, गोलाच्या दिशेने झेपावतात. बॉल हाताला लागतो आणि हातासकट आत जातो.

कोच नसला तरी ही चूक तुमची तुम्हाला कळते. पडण्याआधी टाचेने गोलरेषा ओढा. पडा, उठा, आणि मागे वळून ठसा बघा. ठसा रेषेच्या आत गेलेला असेल तर मागे पडलात. वाळूत एकच खोल खड्डा दिसला तर कोपरावर पडलात, आज वाळूने वाचवलं, उद्या कातळ नाही वाचवणार. चांगल्या डाइव्हचा ठसा लांबट आणि उथळ असतो, होडी ओढत वर आणली की वाळूत जो पट्टा उमटतो तसा. मी अजूनही पोरांना काही बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. ती स्वतःच "कोपर!" म्हणून ओरडतात.

मात्र आठवड्यात दोनच दिवस वाळू. रोज वाळूत खेळलात की पाय जड होतात, झटक्यात निघायची सवय जाते. उरलेले दिवस भातकापणी झालेला मळा चालेल, गवताळ मैदान मिळालं तर उत्तमच.

हात

माझे मामा नारळाचा धंदा करायचे. ट्रक भरताना एक जण खालून दोन-दोन सोललेले नारळ फेकणार आणि वर मी झेलणार. पहिल्या दिवशी बोटं सुजली. मामा म्हणाले, "नारळाक धरूक जाव नको, तेका हातात येवंदे." गोलकीपिंगबद्दल यापेक्षा जास्त उपयोगाचं वाक्य मला नंतर कुठल्याही कोचिंग कोर्समध्ये मिळालं नाही. हात पुढे ठेवायचे, कोपरं किंचित वाकलेली, आणि वस्तू आली की तिच्यासोबत हात मागे न्यायचे. बॉल हातात आल्यावर 'फट्' असा मोठा आवाज झाला तर हात ताठ होते असं समजा.

छातीच्या वरचा बॉल: दोन्ही अंगठे जवळ, बोटं पसरलेली, बॉलच्या मागे. कमरेखालचा बॉल: तळवे वर, करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, बॉल ओंजळीतून छातीशी. पोटावर येणारा बॉल: त्याच्यावर अंग गुंडाळायचं. बस, झेल एवढेच. बाकी सगळी आवृत्ती.

पावसाळ्यात किनारा बंद, मैदानात चिखल. तेव्हा चिऱ्याची भिंत शोधा, गिलावा न केलेली. जांभ्याच्या चिऱ्याला भोकं असतात, कडा तुटलेल्या असतात. भिंतीपासून सहासात फुटांवर तोंड करून उभे राहा आणि मागून कुणालातरी टेनिस बॉल भिंतीवर मारायला सांगा. बॉल कुठून कसा उसळेल ते मारणाऱ्यालाही माहीत नसतं. रोज 10 मिनिटं. परदेशात यासाठी वाकड्यातिकड्या पृष्ठभागाचे खास बोर्ड विकत मिळतात. आपल्याकडे अर्ध्या गावाची भिंत तशीच आहे.

ग्लोव्हजबद्दल थोडं. सुरुवातीला हजार-दीड हजाराचे पुरेत. मोठ्या खेळाडूच्या नावाचे महागडे घेऊ नका, त्यांचा मऊ फोम सर्वांत आधी झिजतो. नवीन जोड कोमट पाण्यात हलकेच धुवा म्हणजे कारखान्यातला थर निघून पकड येते. खेळण्याआधी तळवे ओले करा. कोरडा फोम बॉलला धरत नाही. खेळून झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. वाळू आणि खारं पाणी ग्लोव्हजचे वैरी, म्हणून किनाऱ्यावर फाटका जुना जोड किंवा उघडे हात. आईला सांगा, उन्हात दांडीवर टाकू नकोस, आंबापोळी नाही ती.

कुठे उभं राहायचं

गोलची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44. एवढी जागा उड्या मारून कुणाला झाकता येत नाही, ती उभं राहून झाकायची असते. हे तोंडी सांगून पोरांना पटत नाही, म्हणून मी काथ्याच्या दोन लांब दोऱ्या आणतो. एकेका खांबाला एकेक बांधायची आणि दोन्हीची टोकं बॉलपाशी आणून खुंटीला ताणायची. त्रिकोण तयार होतो. गोलकीपर दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधोमध. आता बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे 11 मीटरवर आहे असं धरा. रेषेवर उभे असाल तर तुमच्या दोन बाजूंच्या दोऱ्यांमधलं अंतर 7.32 मीटर. चार मीटर पुढे या, तेच अंतर पावणेपाच मीटरच्या आत येतं. हात पसरून बघितलं की पोरांचे डोळे चमकतात. मग लगेच मी कुणालातरी डोक्यावरून बॉल उचलायला सांगतो, म्हणजे फार पुढे येण्याचाही नाद सुटतो. दोऱ्या तशाच ठेवून बॉल बाजूला न्या, परत ताणा, परत मधोमध उभे राहा. आठवडाभर हे केलं की पुढे दोरी नसली तरी दिसायला लागते.

आणि मार, म्हणजे गोलावरचा फटका, बसायच्या क्षणी थांबा. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, हात समोर. धावत असताना मार आला तर जगातला कुठलाही कीपर उशिरा पोचतो.

पायाचा खेळ टाळता येणार नाही. 1992 साली बॅकपासचा नियम आला. आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरला हाताने उचलता येत नाही. 2019 पासून गोलकिकचा (समोरच्याने बॉल आपल्या गोलरेषेबाहेर घालवला की आपण मारतो ती किक) बॉल पेनल्टी बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येतो. त्यामुळे हल्ली संघाचा हल्ला कीपरच्या पायापासून सुरू होतो, आणि ट्रायलला, म्हणजे निवड चाचणीला, कोच आधी तुमचा डावा पाय बघतात. 2025 च्या नवीन नियमानुसार हातात बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. आमच्या वेळी बॉल पोटाशी धरून लोळत राहणं ही एक कला होती. गेली.

आवाज! आपली कोकणातली पोरं घरात गुरासारखी ओरडतात आणि मैदानात गप्प. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलासमोर उचललेला बॉल, येतोय, तुम्ही निघताय, तर "कीपर!" हे बॉल हवेत असतानाच ऐकू गेलं पाहिजे. नाही निघत तर "अवे!", म्हणजे बचाववाल्यांनी बॉल लांब मारावा. मधलं काही नाही. मी त्यांना खाडीच्या काठावर नेतो आणि पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायला लावतो. होडी वळली तर पास.

पेनल्टी

तासाला 100 किलोमीटर वेगाने मारलेला बॉल 11 मीटर अंतर सुमारे 0.4 सेकंदात कापतो. बघून उडी मारायला वेळच नसतो, अंदाज बांधावाच लागतो. 2007 मध्ये इस्रायली संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांनी 286 पेनल्ट्या तपासल्या. कीपर मधोमध थांबले होते ते फक्त शेकडा 6.3 वेळा, पण थांबले तेव्हा अडवण्याचं प्रमाण शेकडा 33 च्या घरात होतं. उड्या मारणाऱ्यांचं त्याच्या निम्मंही नाही. मग सगळे उडी का मारतात? उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात, हलला पण नाही. मीही कायम उडीच मारली. लाज कुणाला चुकली आहे?

नियम ध्यानात ठेवा: मार बसेपर्यंत एका पायाचा तरी काही भाग रेषेवर, रेषेच्या ओळीत किंवा मागे हवा. शूटआउट (बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्ट्या मारतात तो) कसा खेळावा हे बघायचं असेल तर 20 मार्च 2022 चा गोव्यातल्या फातोर्ड्याचा आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, अंतिम सामना शोधा. हैदराबादकडून गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने केरळचे तीन फटके अडवले.

रस्ता कुठून जातो

आधी शाळा. शाळेने सुब्रतो कप स्पर्धेत संघ उतरवावा म्हणून पीटी सरांच्या मागे लागा; 1960 पासून चाललेली स्पर्धा आहे, तालुका, जिल्हा, विभाग अशी वर जाते. राज्याचा फुटबॉल कारभार 'विफा'कडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे. क्लबकडून खेळायला लागलात की अखिल भारतीय महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी होते आणि तो क्रमांक पुढे जन्मभर चालतो. नोंदणीत नाव, जन्मतारीख आधार आणि जन्मदाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळू द्या. वय लपवायच्या भानगडीत पडू नका. लहान वयोगटांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, टीडब्ल्यू-3 म्हणतात त्याला. त्यात अडकलेली पोरं मी बघितली आहेत, आणि चूक पोरांची नव्हती, तारीख बदलून देणाऱ्या मोठ्यांची होती.

सिंधुदुर्गातल्या पोराला तीन दिशा. घाट चढून कोल्हापूर, तिथे पेठांचा फुटबॉल आणि शाहू स्टेडियमची गर्दी. तिथे खेळलात तर दडपण म्हणजे काय ते कळतं. रेल्वेने मुंबई, तिथे क्लब आणि ऑफिसांचे संघ. आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा. मी गोवा धरला, कारण आरोंद्याहून पुलावरून पलीकडे गेलं की झालं. ताळगावचे ब्रह्मानंद संखवाळकर भारताचे कर्णधार झाले, 1997 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, आणि ते गोलकीपर. तिथल्या गावात गोलकीपरला कुणी 'उरलेला' समजत नाही, मला आधी हेच नवल वाटलं होतं. पोरींनो, तुम्हीही वाचा: अदिती चौहान 2015 मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमच्या महिला संघात गेली ती गोलकीपर म्हणूनच.

ट्रायलला 20 मिनिटं मिळतात आणि कधी कधी एकही मार येत नाही. माझ्या पहिल्या ट्रायलला नाहीच आला. मी गप्प उभा राहिलो आणि घरी परत. दुसऱ्या वेळी पहिल्या मिनिटापासून बचाव फळीला नावं विचारून हाका मारत राहिलो, बॉल मागून घेतला, दोन्ही पायांनी दिला, लांब हाताने फेकला. तेव्हाही मार दोनच आले, पण घेतलं. उंची विचारतातच. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू साडेसहा फुटांच्या आसपास आहे, सगळ्यांना तसा हवा असतो. स्पेनचा गोलकीपर कासियास सहा फुटांच्या आगेमागे होता. तुम्ही पाच-आठ असाल तर खोटं सांगत नाही, अवघड आहे. पाय आणि क्रॉस दुप्पट चांगले हवेत.

ट्रायलच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. एका टुर्नामेंटला शहरातून आलेल्या माणसाने माझ्या मित्राला परदेशी क्लबचं स्वप्न दाखवून बापाची होडी विकायला लावली. माणूस परत दिसला नाही. एजंट हवाच असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते आधी बघा.

बाक

संघात तीन कीपर असतात आणि खेळतो एक. फॉरवर्ड थकला तर बदलतात, कीपर थकत नाही. पहिला कीपर चांगला आणि धडधाकट असेल तर दुसऱ्याने मोसमभर बसायचं. हे आधी कुणी सांगत नाही. गुरप्रीत 2014 मध्ये नॉर्वेला गेला आणि संघाच्या लीग सामन्यात उभा राहायला 2016 उजाडलं. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये पोरगेला असताना गेला, दहाएक वर्षं इकडे तिकडे दुसऱ्या क्लबांना उसना दिला गेला, आणि 2020 च्या जूनमध्ये पहिल्या कीपरचा गुडघा गेल्यावर खेळायला लागला. अर्जेंटिनाचा 2022 चा वर्ल्ड कप त्याच्या हातांनी वाचला. पण त्याच काळात उसने गेलेले आणि तिथेच विरून गेलेले किती असतील, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

माझी गोष्ट सांगतो. गोव्यात, दुसरा मोसम, पावसाचे दिवस. मी सहा महिने एकही सामना खेळलो नव्हतो. रेनकोट घालून बाकावर बसलो होतो, शेजाऱ्याशी गावच्या दशावताराच्या गप्पा चालल्या होत्या, आणि 70 व्या मिनिटाला आमच्या कीपरने पुढे धावून फॉरवर्डला पाडलं. लाल कार्ड. कोच माझ्याकडे वळला, "ग्लोव्हज खंय तुजे?" ग्लोव्हज बॅगेत, बॅग ड्रेसिंग रूममध्ये. एक पोरगा धावत गेला. अख्खं मैदान थांबलं, पंच घड्याळ दाखवतोय, मी उघड्या हातांनी रेषेवर उभा. ग्लोव्हज आले ते कोरडे ठणठणीत, मी तसेच घातले. फ्रीकिक आमच्या खेळाडूंच्या भिंतीवरून आला, माझ्या समोर टप्पा पडला, ओल्या गवतावर वेग घेतला आणि माझ्या दोन्ही हातांच्या मधून, पायांच्या मधून, आत. सरळ अंगावर आलेला बॉल. एक-शून्यने हरलो. बसमध्ये कुणी काही बोललं नाही, ड्रायव्हरनेसुद्धा गाणी लावली नाहीत. पुढचा सामना मला मिळाला सात महिन्यांनी.

तेव्हापासून मी बाकावर बसण्याची पद्धत लावून घेतली, तीच पोरांना देतो. ग्लोव्हज मांडीवर, पाण्याची बाटली शेजारी, तळवे दर 15 मिनिटांनी ओले. मध्यंतराला गरम कपडे काढून राखीव खेळाडूकडून 20-25 बॉल हातात घ्यायचे, पहिला कीपर ठणठणीत असला तरी. सामन्याआधी मैदान पायांनी चाचपायचं: गोलासमोर चिखल कुठे, टप्पा कुठे दबतो. वहीत समोरच्यांचे पेनल्टी मारणारे लिहायचे, कुठल्या पायाचे, दडपणात कुठे मारतात. माझ्या अशा चार वह्या झाल्या. त्या मी खेळलो त्यापेक्षा आमच्या पहिल्या कीपरच्या जास्त कामाला आल्या. शूटआउटच्या आधी तो माझ्याकडे यायचा आणि मी कानात सांगायचो. त्याचं बरं व्हावं असं मला नेहमीच वाटायचं का? नाही. तो लंगडायला लागला की माझ्या छातीत धडधडायचं, आणि ते फक्त काळजीने नव्हे. पण सरावात त्याला सर्वांत चांगले मार मीच मारायचो. दुसऱ्या कीपरचा तो अर्धा पगार असतो.

गोल खाल्ल्यावर काय करायचं, तेही ठरवलेलं असू द्या. मी ग्लोव्हजचा पट्टा उघडून परत घट्ट लावायचो, एक घोट पाणी, आणि बचावातल्या सर्वांत जवळच्याला नावाने हाक. कुणाला दोष द्यायचा नाही, हात पसरून पंचाकडे बघायचं नाही. पट्ट्याचा तो 'चर्र' आवाज झाला की गोल संपला असं मी डोक्याला शिकवलं होतं. दहातल्या सात वेळा डोकं ऐकायचं.

शरीर, पैसा, कागद

बोटं जातात. बोट लचकलं तर शेजारच्या बोटाला टेपने बांधून खेळता येतं, पण वाकडं दिसलं तर आधी एक्स-रे. माझी डाव्या हाताची अनामिका मी दोन आठवडे नुसती बांधून खेळवली. ती आजही पूर्ण वाकत नाही आणि लग्नातली अंगठी उजव्या हातात घालावी लागली. डोक्याला मार बसून गरगरलं, उलटी झाली, की बाहेर. तिथे शौर्य दाखवू नका. खाण्याबद्दल शहरातली पोरं पावडरी विचारतात. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, बांगडा, अंडी, वेळेवर झोप. मी तरी त्यावरच उभा होतो.

करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: पगार किती महिन्यांचा, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, करार मध्येच मोडला तर काय. माझ्या एका करारात पगार नऊ महिन्यांचा होता. मी बाराचा हिशोब धरून घरावर स्लॅब टाकायला घेतला. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. 18 वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा लांबचा करार फिफाच्या नियमांत बसत नाही, कुणी पाच वर्षांचा कागद पुढे केला तर बापाने उठून यावं.

कीपरचं वय उशिरा संपतं हे खरं. इटलीचा झोफ 1982 चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा 40 चा होता. इजिप्तचा अल हदारी 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये 45 व्या वर्षी खेळला, वर पेनल्टीही अडवली. पण गुडघा तेवढं थांबेलच असं नाही, माझा 33 ला गेला. म्हणून शाळा-कॉलेज सोडू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, मात्र त्याला ठरावीक स्तराची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, लाकडी कपाटात नको, वाळवी लागते. माझी दोन राज्य स्पर्धेची तशीच गेली.

शिकवायचं असेल तर महासंघाच्या सुरुवातीच्या लायसन्सपासून चढत जा. कीपर कोचसाठी आशियाई महासंघाचे वेगळे कोर्स असतात. खेळत असतानाच पहिलं लायसन्स काढा. बाकावर बसून असाल तर वेळ आहेच.

उद्या त्रयोदशी. पावणेदहाला भरती, चारला पाणी मागे गेलेलं असेल. ज्यांना यायचंय त्यांनी साडेतीनला सुरूच्या बनात जमा, जुने ग्लोव्हज आणि एक टेनिस बॉल घेऊन. दोऱ्या मी आणतो.